भिंगाच्या कडेवरचा बाण

१४ मार्च

प्रिय भाऊजी,

नमस्कार. हे गेल्यापासून तुम्हाला लिहीन लिहीन म्हणत अकरा महिने गेले. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि माझ्याने पत्र लिहवत नव्हतं, कारण पत्र लिहायचं म्हणजे ‘हे गेले’ असं स्वतःच्या अक्षरात लिहावं लागतं. आता लिहिलं. एकदाचं झालं.

कामाचं बोलते. तुमच्या पत्त्यावर एक लांबट खोकं पाठवलं आहे. आत ह्यांची दुर्बीण आहे. तुम्हीच जुन्या सामानातून शोधून दिलेली, लांब पितळी नळीची. दोन जुन्या रजयांत गुंडाळली आहे. रजया परत पाठवू नका, त्यांचे दिवस भरलेत. तीस-एकतीस वर्षं ती कपाटावर पडून होती. रंगाचे पोपडे सुटलेत, चाकं फिरत नाहीत, आणि आतून पाहिलं तर सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं.

तुम्हाला आम्ही कधी कळवलं नाही, पण ती आमच्या मुलाच्या हातून पडली होती. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. नंतर त्याने तोंडाने कबूलही केलं. ह्यांना पडल्यापेक्षा लपवल्याचं जास्त लागलं. तुम्ही मावसभाऊ असून इतक्या विश्वासाने दिलेली वस्तू, तुम्हाला काय तोंड दाखवणार, म्हणून दुरुस्तीलाही पाठवली नाही. स्वभाव तुम्हाला ठाऊकच होता. बापलेकांचं बोलणं तेव्हा जे तुटलं ते तुटलंच. मुलगा सोळाव्या वर्षी वसतिगृहात गेला, मग नोकरीसाठी आणखी लांब. ह्यांच्या वेळी आला, दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. माझ्याशी फोनवर बोलतो, दोन मिनिटं. तब्येत बरी आहे ना, गोळ्या घेतेस ना, ठेवू का.

शेवटच्या आठवड्यात, बोलायला कष्ट पडत होते तेव्हा ह्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, “दुर्बीण भुंग्याला दे. म्हणावं, बाबांनी माफ केलं.” तो आला तेव्हा ते सांगायचं राहून गेलं.

दोन सप्टेंबरला तो पंचेचाळीस पूर्ण करील. त्याच्या आत ती नव्यासारखी करून द्याल का? मी तिच्यासोबत तेवढी एक ओळ लिहून पाठवणार आहे. मला वाटतं, ती ओळ वाचून तो येईल.

तुमची,
वहिनी

३ एप्रिल

वहिनी,

खोकं पोचलं. रजया मी ठेवून घेतल्या आहेत, माझ्या मांजरीने त्यांना पसंती दिली आहे.

दादा गेल्याचं कळल्यावर मलाही चार ओळी लिहिता आल्या असत्या. मीही लिहिलं नाही. तेव्हा फिटंफिट.

आता दुर्बिणीकडे वळू. अजून भिंगाला हात लावलेला नाही. आधी अंग साफ करतो, मग डोळा, ही माझी पद्धत. चाकं घट्ट झाली होती, कारण जुनं वंगण लाखेसारखं वाळलं होतं. ती उघडून रॉकेलमध्ये टाकली, आता फिरतात. रंग मात्र खरवडून काढावा लागणार. वरचा थर हिरवा, ब्रशने मारलेला, त्यात ब्रशचे केस अडकलेत आणि खालच्या बाजूला ओघळ आहेत. त्याखाली मूळचा पांढुरका. कोणता हवा ते सांगा.

आणि एक. तुम्ही ‘पडली’ लिहिलंत म्हणून मी पडल्याच्या खुणा शोधत होतो. तोंडाजवळ एक पोचा आहे, करंगळीचं टोक मावेल एवढा. दादाने तोच पाहिला असणार. पण वहिनी, हिरवा रंग त्या पोच्यात अखंड उतरलाय. रंग मारल्यावर पोचा पडला असता तर रंगाला तडा गेला असता, टवका उडाला असता. इथे तसं काही नाही. म्हणजे पोचा आधीचा आहे. खरं तर हिरव्याखालचा पांढुरकाही धड आहे. तुमच्याकडे येण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी हिला आपटलं होतं.

पडलेली वस्तू मी पन्नास वर्षं पाहतोय. ही तुमच्या घरात पडलेली नाही.

भाऊजी

१२ एप्रिल

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. तुमचं काही चुकत नसेल ना? रागावू नका, पण तो स्वतः ‘हो’ म्हणाला होता. मी तिथेच होते, हातात वाढायचा डाव होता. हे कामानिमित्त चार दिवस बाहेरगावी होते. परत आल्यावर संध्याकाळी उजेड असतानाच त्यांनी मागच्या खिडकीत दुर्बीण लावली, आणि दोनच मिनिटांत त्यांचा आवाज चढला. हे नसताना घरात आम्ही दोघंच होतो, मी आणि भुंगा. मला तिचा गंध नव्हता. मग उरला कोण? जेवताना तोच विषय. भुंगा खाली मान घालून बसलेला. शेवटी मीच म्हटलं, “खरं सांगून टाक रे राजा. खरं सांगितलं की बाबा काही बोलायचे नाहीत.” त्याने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, “हो. माझ्या हातून पडली.”

न पडलेली वस्तू पडली असं मुलगा कशाला सांगेल?

रंग हिरवाच लावा. आदल्या सुट्टीत बापलेकांनी मिळून तो लावला होता. दाराला आणलेला उरला होता, त्यातला. तीन दिवस दोघांची नखं हिरवी. ओघळ भुंग्याचे. “खालून कोण बघतंय?” असं तो म्हणायचा, आणि हे म्हणायचे, “खालून देव बघतो.” लहानपणी घरभर गुणगुणत फिरायचा म्हणून आम्ही त्याला भुंगा म्हणायचो. कबुलीनंतर गुणगुणणं बंद झालं. हे मी आज लिहिताना लक्षात येतंय, तेव्हा आलं नव्हतं.

मागच्या खिडकीतून पलीकडच्या गोदामाच्या इमारतीवरचं घड्याळ दिसतं. अजून आहे. त्यावर आकडे नाहीत, नुसत्या रेघा. दुर्बिणीत ते उलटं दिसायचं, म्हणून ह्यांनी भुंग्याला उलटी वेळ वाचायला शिकवलं होतं. रोज संध्याकाळी आतून ओरडा यायचा, “आई, पाच वाजून बावीस!” आणि मी स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून काटे फिरवायची. आमच्या घरातली वेळ दुर्बिणीतून यायची, भाऊजी. नंतर स्वयंपाकघरातलं घड्याळ मागे पडत गेलं. ते अजूनही मागेच आहे.

पोचा ठोकून सरळ करू नका. राहू दे.

वहिनी

६ मे

वहिनी,

भिंग उघडलं. बातमी चांगली आहे. काच निर्दोष आहे, ना तडा, ना ओरखडा. आणि दूध कुठून आलं तेही सापडलं.

समजेल असं सांगतो. पुढचं भिंग एक नसतं, दोन काचांची जोडी असते, एकीला एक चिकटून बसणारी. दोघींच्या मध्ये कडेला तीन चिमुकले तुकडे ठेवतात, नखाएवढेही नाहीत, म्हणजे काचा घासत नाहीत. ही जोडी एका कड्यात बसते, वरून चकती फिरवून घट्ट करतात. जोडीची एक बाजू आकाशाकडे हवी, दुसरी डोळ्याकडे. चुकू नये म्हणून जुने कारागीर काचेच्या कडेवर पेन्सिलीने बाण काढून ठेवायचे. बाण आकाशाकडे, म्हणजे बाहेर. हिच्यावरही आहे, अगदी स्पष्ट. पण हिचा बाण आत होता, घराकडे. कोणीतरी जोडी काढली, पुसली आणि उलटी बसवली. झालं. बाकी काही बिघडलेलं नाही. मी ती सुलटी केली, दीड फर्लांगावरच्या टाकीवर बसलेल्या कावळ्याचा डोळा दिसला.

मधले तीन तुकडेही मूळचे नाहीत. मूळचे कथलाच्या पत्र्याचे असतात. हे चॉकलेटची चांदी कापून केलेत, एका बाजूने जांभळे. कापलेत मात्र सुरेख, कोपरा न् कोपरा काटकोनात. दादा चॉकलेट खायचा हे मला ठाऊक नव्हतं. मी नवे तुकडे घातले आहेत, जुने पाकिटात सोबत पाठवतो, आठवण म्हणून.

तेव्हा हे काम दादाचंच. हळूच पुसायला गेला असेल, विसरलाही असेल. चांगल्या चांगल्यांची ही चूक होते, मेल्या माणसावर रागावू नका. मला एकच चुटपुट लागली. तेव्हाच पाठवली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं.

पोरगं मात्र सुटलं, वहिनी. हे त्याला कळवा.

भाऊजी

१० जून

वहिनी,

महिना झाला, उत्तर नाही. बऱ्या आहात ना? नळी खरवडून तयार आहे. कोणता हिरवा? दाराचा एखादा टवका पाठवता आला तर पाठवा. फोन करू नका, मला फक्त ‘हॅलो’ ऐकू येतं, तेही अंदाजाने.

भाऊजी

२९ जून

प्रिय भाऊजी,

दाराचा टवका सोबत आहे. बिजागरीमागचा आहे, तिथे ऊन लागलेलं नाही.

तुमच्या दादाने त्या भिंगाला आयुष्यात हात लावला नाही. ‘भिंग उघडायचं नाही’ हा घरचा कायदा होता, आणि तो तुम्हीच दुर्बिणीसोबत दिला होता.

ती मी उघडली.

त्या वर्षी ह्यांना चाळीसावं लागणार होतं. महिनाभर म्हणत होते, भिंगावर धुकं धरलंय, पुसायला हवं, पण धीर होत नाही. मला धीर झाला. शिवणयंत्र मी स्वतः उघडून तेल घालायची, हातमोज्यांची वीण उसवून पुन्हा घालायची, मला काय अवघड? हे बाहेरगावी, भुंगा शाळेत. पलंगावर पांढरी चादर अंथरली. चकती फिरवली, जोडी काढली, साबणाच्या पाण्याने धुतली, मऊ धुवट मलमलीने टिपली. ते तीन तुकडे पाण्यात चुरगळून गेले. भुंग्याला शाळेत चॉकलेट बक्षीस मिळालं होतं, त्याची चांदी त्याने शब्दकोशात जपून ठेवलेली. तिच्या कडेचे तीन तुकडे नखं कापायच्या कात्रीने कापले. कोपरे तुम्ही वाखाणलेत. मिशनच्या शाळेत सिस्टर शिवण शिकवायच्या, त्यांचा हात माझ्या हातात उतरलाय.

बाण मी पाहिला होता. विचार करून बसवला, भाऊजी. नळाच्या पाइपावर बाण असतो तो पाणी ज्या दिशेने जातं तिकडे. उजेड आकाशातून येतो आणि डोळ्याकडे जातो. म्हणजे बाण आत. किती हुशार वाटले मी स्वतःला.

हे आले की डोळा लावतील, म्हणतील, आज कसं लख्ख दिसतंय! मग मी सांगणार होते. ते तसं म्हणालेच नाहीत.

आपल्यामुळे ती बिघडली असेल असं माझ्या कधी मनातही आलं नाही, खरंच सांगते. मुलाने कबूल केलं, विषय संपला.

आता मी त्याला काय लिहू? बाबांनी माफ केलं, असं?

वहिनी

८ जुलै

वहिनी,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस हत्यार हातात धरलं नाही.

माझा सल्ला ऐका. पोराला मी लिहितो. दुर्बीण उघडली, भिंग उलटं होतं, तुझ्या बाबांच्या हातून झालं, तू निर्दोष. चार ओळी. दादाला आता काही फरक पडत नाही, आणि तसा तो असता तर तुमच्यासाठी त्याने हे आनंदाने डोक्यावर घेतलं असतं. पोराला न्याय मिळेल, तुम्हाला पोरगा मिळेल. एवढ्यातेवढ्यासाठी त्याची राहिलेली आईही कशाला काढून घेता?

‘हो’ लिहा, मी त्याच दिवशी पत्र टाकतो.

हिरवा जुळला. पहिला हात दिलाय. फवाऱ्याने नव्हे, ब्रशनेच.

भाऊजी

१५ जुलै

प्रिय भुंग्या,

हे पत्र एका बैठकीत वाच. फोनवर मला दोन मिनिटांत सांगता येणार नाही.

तुझ्या बाबांची दुर्बीण मी काकांकडे दुरुस्तीला दिली होती. ती कधी पडलीच नव्हती. भिंग उलटं बसवलेलं होतं, आणि ते बसवलं मी. तू शाळेत असताना, बाबा बाहेरगावी असताना, त्यांना चकित करायचं म्हणून मी ते काढून धुतलं. तुझ्या शब्दकोशातली चांदी मी कापली. तुला न विचारता.

काका म्हणाले, बाबांचं नाव सांगू. मी ‘नको’ लिहिलं. पण त्याआधी काकांना मी जे लिहिलं होतं तेही पुरतं खरं नव्हतं. त्यांना लिहिलं होतं, माझ्या मनातही आलं नाही. आलं होतं. त्या संध्याकाळी बाबा खिडकीतून ओरडले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, माझ्याकडून तर काही झालं नाही? तेवढ्यात त्यांना पोचा दिसला, तुझं नाव निघालं. आणि जेवताना तू ‘हो’ म्हणालास तेव्हा, बाळा, मला हायसं वाटलं. तो गोळा विरघळला. त्यानंतर मी तो विचार पुन्हा कधी उघडला नाही. मी विसरले नव्हते, नुसता उघडला नाही.

मी तुला म्हटलं होतं, खरं सांगितलं की सुटतोस. तू खोटं का सांगितलंस ते मला अजून कळत नाही. मारतील म्हणून भ्यालास का? ते कधी हात उगारणारे नव्हते. की मीच तुला दुसरी वाट ठेवली नाही?

बाबांनी जाताना तुझ्यासाठी निरोप ठेवला होता. तो निरोप मी आता देऊ शकत नाही. त्यांना जर माहीत असतं, तर त्यांनी तो वेगळा दिला असता.

दुर्बीण हिरव्या रंगात तयार होते आहे. ती तुला पाठवू? की तू येशील?

आई

२४ ऑगस्ट

आई,

उत्तराला उशीर झाला. तीन वेळा लिहून फाडलं.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती. दार नुसतं ओढलेलं होतं. मी आत आलो तर तू पलंगावर, चादरीवर काचा, आणि तू तुझ्या शाळेतलं ते प्रार्थनेचं गाणं गुणगुणत होतीस, शब्दांशिवाय. मला वाटलं, बाबांसाठी गंमत चालली आहे. मी दिसलो तर ती मोडेल. म्हणून पावलं न वाजवता परत गेलो, मैदानावर बसलो, आणि रोजच्या वेळेला घरी आलो. नंतर शब्दकोश उघडला तेव्हा चांदीला तीन चौकोन कमी होते. मला राग नव्हता आला. उलट भारी वाटलं होतं, आपली चांदी दुर्बिणीत गेली म्हणून.

मग बाबा आले. ते ओरडत होते आणि मी तुझ्याकडे बघत होतो. म्हटलं, आता आई सांगेल. तू वाढत होतीस. मग म्हटलं, आई घाबरली आहे. आणि तेव्हा तू म्हणालीस, खरं सांगून टाक.

मला मार बसेल म्हणून मी ‘हो’ म्हटलं नाही. मला वाटलं, तू माझ्याकडे मागते आहेस. सगळं माहीत असून, बाबांदेखत, ‘तू घे अंगावर’ असं सांगते आहेस. म्हणून घेतलं. वाटलं, एक-दोन दिवस. बाबा शांत झाले की एकटी असताना मला जवळ घेशील, काही बोलली नाहीस तरी चालेल, नुसता डोक्यावरून हात फिरवशील. मला कळेल. मी रोज वाट बघायचो. वसतिगृहात जायच्या सकाळी ट्रंक उचलताना शेवटची बघितली. तू डब्यात काय भरलं आहेस ते सांगत होतीस.

एकतीस वर्षं मी बाबांवर रागावलेलो नाही, आई. त्यांची काही चूकच नव्हती. हे त्यांना सांगता आलं नाही, कारण सांगायचं म्हणजे तुझं नाव घ्यावं लागलं असतं. ते गेले त्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसलो होतो, आणि तू दारातून म्हणालीस, “आता तरी त्यांना ‘मला माफ करा’ म्हण.” दुसऱ्या दिवशी मी का निघालो, ते आता कळेल.

‘मला काहीच माहीत नव्हतं’ असं तू लिहिलं असतंस तर मी विश्वास ठेवला नसता. पोटातल्या गोळ्याचं लिहिलंस म्हणून ठेवतो. तुला माहीत नव्हतं. म्हणजे तू माझ्याकडे काही मागितलंच नव्हतंस. मग मी जे दिलं ते कोणाला दिलं, हे मला समजत नाही.

मी रागावलेलो नाही. पण तुझ्यावरचा जो राग इतकी वर्षं होता त्याच्या जागी आता काय ठेवायचं ते कळेपर्यंत मला येता येणार नाही. दुर्बीण पाठवू नकोस. इथे माझ्या खिडकीसमोर भिंत आहे.

चांदी शब्दकोशातच होती. शब्दकोश मी घर सोडताना नेला होता. कधीतरी तुझ्यासमोर ठेवीन म्हणून जपली होती. आता ठेवायचं कारण उरलं नाही. सोबत आहे.

तुझा मुलगा

३ सप्टेंबर

प्रिय भुंग्या,

काल तुझा वाढदिवस झाला. फोन केला नाही. दोन मिनिटांत मावणारं काही नव्हतं.

चांदी मिळाली. अजून चकचकीत आहे, घडीवर फक्त जरा उसवली आहे. काकांनी भिंगातले तीन तुकडे पाठवले होते, ते मी पाकिटातून काढले, टेबलावर चांदी पसरली, आणि एकेक तुकडा त्याच्या खाचेत ठेवला. तिन्ही बसले. पहिल्याच झटक्यात, कुठेही सरकवावा लागला नाही. मग मी श्वास धरून बसले, उडतील म्हणून. खिडकी बंद करायला उठवेना.

तू लिहिलंस, जे दिलं ते कोणाला दिलं. मला दिलंस, बाळा. मी घेतलं. काय घेते आहे ते न बघता घेतलं आणि एकतीस वर्षं वापरलं. त्या रात्री मला शांत झोप लागली होती, मला आठवतं.

ट्रंकेच्या सकाळचं तू लिहिलंस त्यानंतर मी खूप आठवून पाहिलं, त्या दिवशी डब्यात काय भरलं होतं. आठवत नाही. तुझ्या डोक्यावरून हात फिरवला होता का, तेही आठवून पाहिलं. नव्हता. तू तेव्हा माझ्या खांद्याच्या वर गेला होतास, मला वाटलं, तुला आवडायचं नाही.

ये असं मी म्हणणार नाही. ‘माफ कर’ हेही लिहिणार नाही, ते शब्द या घरात फार चुकीच्या माणसांना सांगून झाले आहेत.

काका परवा स्वतः दुर्बीण घेऊन आले. एवढ्या लांब, या वयात, मांडीवर घेऊन. रंग तोच आहे. खालच्या बाजूला त्यांनी दोन ओघळ मुद्दाम सोडलेत. म्हणाले, “आयुष्यात पहिल्यांदा वाईट काम केलं, वहिनी, आणि त्यालाच सगळ्यांत जास्त वेळ लागला.” पोचा तसाच आहे. बाण बाहेर आहे, मला दाखवून मग त्यांनी चकती लावली. मागच्या खिडकीत उभी करून, गोदामाच्या घड्याळावर रोखून ते गेले. मी तिला हलवलेलं नाही.

आज संध्याकाळी, ऊन असतानाच, मी पहिल्यांदा डोळा लावला. इतक्या वर्षांत मी तिच्यातून कधी पाहिलंच नव्हतं, तुला माहीत आहे? ते तुमचं दोघांचं होतं. काय लख्ख दिसतं रे! काट्यांवरचा गंज दिसतो. एका रेघेवर पाखराची शीट आहे, तीही दिसते. पण सगळं उलटं. आकडे नाहीत, नुसत्या रेघा, आणि कोणती वरची, कोणती खालची, ते माझ्या डोक्यात राहत नाही. तीन वेळा मोजलं, तीन वेळा वेगळी वेळ आली.

स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून आणलं आहे. ते मांडीवर आहे आणि काटे फिरवायची कळ माझ्या बोटांत आहे.

किती वाजले, भुंग्या?

आई